एक जूनचा वाढदिवस

भाऊ, गेल्या बुधवारी तुमचा मृत्यू नोंदवायला सुजाताबरोबर रजिस्ट्रारच्या ऑफिसात गेले आणि तिथं माझी पार तंतरली. रडू येईल म्हणून पर्समध्ये दोन रुमाल टाकले होते. रडू आलंच नाही. तळहात ओले झाले, समोरची बाई काय विचारतेय ते धड ऐकू येईना. सुजाताला वाटलं, मावशीला बाबांच्या आठवणीनं भरून आलं. तिनं माझा हात धरला. तुमच्या लेकीला मी खरं सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

येत्या शुक्रवारी क्रिमेटोरियममध्ये आपल्याला चाळीस मिनिटं मिळाली आहेत. त्रिशरण, पंचशील, मग सुजाता बोलणार, मग मी. "मावशी, तू बाबाचा पुस्तकावर बोल ना," म्हणाली. "तुलाच माहिती आहे तो सगळा." लेस्टरमध्ये जन्मलेली पोर, तुम्ही दर शनिवारी तिला मराठी लिहायला बसवायचात, तरी पुस्तक तिच्या तोंडी अजून 'तो'च आहे. मी हो म्हटलं. पण त्या चाळीस मिनिटांत जे बोलता यायचं नाही ते आधी इथं लिहून काढते, नाहीतर माझ्या छातीवरचं हे ओझं उतरणार नाही.

आठवतंय, आपण पहिल्यांदा कुठं भेटलो? कोर्टाच्या बाहेरच्या बाकांपाशी. मी ठाण्याहून आलेली ट्रेनी वकील, पहिलीच केस, हातातली फाइल थरथरत होती. तुम्ही तिथं अशर. काळा गाऊन, हातात यादी, बाहेर बसलेल्यांची नावं पुकारायची, त्यांना आत न्यायचं, शपथेचं कार्ड हातात द्यायचं, कुणी रडलं तर पाणी आणायचं. नागपूरची एलएलबी ट्रंकेत ठेवून तुम्ही एकतीस वर्षं हेच केलंत. नाव पुकारण्याआधी प्रत्येकाला विचारायचात, तुमचं नाव नीट कसं म्हणायचं. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालात, "काहून, घाबरून राहिल्या का?"

मी ताठ मानेनं म्हटलं, "नाही."

"मंग घाबरा थोडं. न घाबरणारे लय पाहिले मी इथं. त्यांच्या हातून चांगलं होत नाही."

मला राग आला होता. कोण कुठला हा माणूस! चार महिन्यांनी मी तुमच्या स्वयंपाकघरात बसून वहिनींच्या हातची पाटवडी खात होते आणि तुम्ही मला 'अगं-तुगं' करत होतात. मी मात्र तुम्हाला कधी 'तू' म्हटलं नाही, वहिनी गेल्यावर तुम्ही एकटे पडलात तेव्हाही नाही.

तुमच्या पुस्तकातला तो अमेरिकन तुमच्या घरात कसा शिरला, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीनं जुनी पुस्तकं बाहेर टेबलांवर मांडली होती, हवं ते न्या म्हणून. तुम्ही चामडी बांधणीचा एक दगडासारखा जड ग्रंथ उचललात. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या फेडरल कोर्टांचे निकाल. वहिनी म्हणाल्या, "बरं झालं, दाराला टेकण म्हणून होईल." दाराला तो कधी लागला नाही. तुम्ही त्यात एक जज्ज शोधलात आणि पुढची वीस वर्षं त्याच्या मागे लागलात. मायक्रोफिल्म मागवल्यात, ओहायोच्या कुठल्याशा छोट्या लायब्ररीतल्या बाईंशी ईमेलवर मैत्री केलीत, त्यानं आपल्या बहिणीला लिहिलेली पत्रं मिळवलीत. आणि हे सगळं मराठीत लिहायला घेतलंत. मी म्हटलं, "भाऊ, लेस्टरमध्ये बसून अमेरिकेच्या जज्जाचं चरित्र मराठीत? वाचणार कोण?" तुम्ही म्हणालात, "नागपूरच्या लॉ कॉलेजातल्या पोरी वाचतील. उद्या त्यातली एखादी जज्ज होईल. तिला कळू दे, माणूस कुठं घसरते ते."

तो घसरला कुठं ते मला तोंडपाठ आहे. तो कातडी कमावणाऱ्याचा मुलगा, म्हणून तुम्हाला तो "आमच्या बाजूच्या वस्तीतला" वाटला होता. दुसऱ्या एका वकिलाच्या ऑफिसात झाडलोट करत कायदा शिकला. तरुणपणी वर्तमानपत्रांत गुलामगिरीच्या विरोधात लिहिलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. मग राष्ट्राध्यक्षांनी त्याला फेडरल जज्ज नेमलं, जन्मभरासाठी. कोर्टाला इमारत नव्हती तेव्हा दुकानाच्या माडीवर कोर्ट भरवायचा. घोड्यावरून गावोगाव जायचा, जमिनीचे तंटे, खोट्या नोटा, टपाल लुटणारे, नदीत एकमेकींवर आपटलेल्या आगबोटी. सुरुवातीची सात-आठ वर्षं बहिणीला लिहितो की निकालाच्या दिवशी मला जेवण जात नाही, हात कापतात, आपण चुकलो तर काय याच विचारानं झोप उडते. ही पत्रं तुम्ही मला वाचून दाखवायचात आणि तुमचा चेहरा कसा खुलायचा! "पाह्य, कसा घाबरून राहिला बिचारा. चांगला माणूस आहे."

आणि मग ती बाई. नदीपलीकडच्या मालकानं दावा केला की ही आपली पळालेली गुलाम आहे. पळालेल्यांना परत पाठवायचा कायदा होता. ती म्हणत होती, मी नदीच्या अलीकडेच जन्मले, स्वतंत्र जन्मले. तिला वय विचारलं. सकाळी तिनं एक सांगितलं, दुपारी दुसरं. झालं. तुमच्या जज्जानं लिहून ठेवलं की जिला स्वतःचं वय धड सांगता येत नाही तिच्या बाकीच्या बोलण्यावर विसंबता येत नाही. त्याच संध्याकाळी तिला होडीत घालून पलीकडे नेलं. पुढं तिचं काय झालं हे तुम्हाला वीस वर्षांत सापडलं नाही.

आपण इथंच भांडायचो. मी म्हणायची, कायदाच तसा होता, त्यानं काय करायचं होतं, राजीनामा? तुम्ही टेबलावर बोट आपटायचात. "कायद्याचं नाव नको घेऊ. कायद्यानं त्याले सांगितलं नव्हतं, वयावरून खोटी ठरव म्हणून. तिले कोण सांगणार होतं तिचा जन्म कवा झाला? तिच्या मायले कॅलेंडर होतं का? हे त्याले समजत होतं. गुलामांविषयी एवढं लिहिणारा माणूस! समजत असून लिहिलं त्यानं." मग, "आन् त्या दिवसानंतरची पत्रं वाच. हवापाणी, गुडघेदुखी, नवी शेगडी. भीतीचं नाव नाही. पुढं सतरा वर्षं जज्ज राहिला, फोटो लागले, लोकांनी न्यायी म्हणून वाखाणला. पण माझ्या हिशेबी त्याची कारकीर्द त्या दिवशी संपली."

मी हसायची. म्हणायची, तुमचा अमेरिकन गुडघे दुखतात म्हणून लिहितो, त्यात एवढा अर्थ काढू नका.

दोन वर्षांपूर्वी मला ट्रायब्युनलमध्ये जज्ज म्हणून नेमलं, या देशात राहू द्या म्हणून अपील करणाऱ्यांच्या केसेस ऐकायला. तुम्ही सगळ्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटलेत आणि मला स्वयंपाकघरात बसवून एकच गोष्ट सांगितलीत. "निकाल इंग्रजीत लिही, पण पाठवायच्या आधी खोलीत एकटी बसून मराठीत म्हणून पाह्य, मोठ्यानं. समोर तो माणूस बसला आहे असं समजून. मराठीत तोंडातून निघत नसेल तर पाठवू नको." केसबद्दल तुम्ही कधी एक शब्द विचारला नाहीत आणि मी सांगितला नाही. दर शनिवारी चहा ओतताना फक्त एवढंच: "या हप्त्यात घाबरली का?"

पहिलं वर्षभर मी "हो" म्हणायची. मराठीत वाचायचीही, बाथरूममध्ये दार लावून. नंतर केसेस वाढल्या. ट्रेनमध्ये लॅपटॉप उघडून निकाल लिहायला लागले, तिथं मोठ्यानं कसं वाचणार? एका शनिवारी तुम्ही विचारलंत आणि मी अगदी कौतुकानं म्हटलं, "छे हो भाऊ, आता सवय झाली." तुम्ही किटली खाली ठेवलीत. मला वाटलं, हात भाजला.

आणि तो शेवटचा शनिवार. माझ्या लॅपटॉपमध्ये एक निकाल लिहून तयार होता. कुठला देश, कुठला माणूस, ते आताही सांगत नाही. माझी चिडचिड होत होती, का ते मलाच कळत नव्हतं. सहज म्हणून मी म्हटलं, "कागदच एकमेकांशी जुळत नसले तर जज्जानं काय करायचं?"

तुम्ही म्हणालात, "मराठीत वाचला का?"

मी भडकले. "प्रत्येक वेळी तुमचा अमेरिकन माझ्या मानगुटीवर बसवू नका! मी त्याच्यासारखी नाही. मला माझं काम येतं." चहा तसाच टाकून उठले. तुम्ही डबा भरून ठेवला होतात, भरली वांगी, तो हातात घेऊन दारापर्यंत आलात. मी घेतला नाही. पायऱ्या उतरताना तुमचा आवाज आला, "सावकाश जा वो जज्जबाई." मी वळून पाहिलं नाही. पुढच्या शनिवारी सॉरी म्हणू, असं ठरवलं होतं, खरंच ठरवलं होतं भाऊ. सोमवारी सकाळी सुजाताचा फोन आला की बाबा खुर्चीतच गेला.

तेव्हापासून गेल्या बुधवारपर्यंत, नऊ दिवस, मी लॅपटॉप उघडला नाही. निकालाची मुदत आजच्या सोमवारपर्यंत होती. हे तारखांचं लक्षात ठेवा, कारण माझी झोप उडवणारी गोष्ट तीच आहे.

तर बुधवार. रजिस्ट्रारबाई फार चांगल्या होत्या, चष्मा, जाड कार्डिगन, टिश्यूचा डबा पुढं सरकवलेला. नाव झालं, पत्ता झाला, व्यवसाय झाला. मग जन्मतारीख विचारली. सुजाता म्हणाली, "फर्स्ट ऑफ जून." आणि तिला हसू फुटलं, रडता रडता. "बट इट इजन्ट रिअल. त्याच्या हेडमास्तरनी टाकला होता."

हो ना! त्या एक जूनवरून किती वर्षं आपण हसलोय. शाळेत नाव घालायला गेलेल्या तुमच्या आईला जन्मतारीख माहीत नव्हती. भुईमूग काढायचे दिवस होते, एवढंच तिला आठवत होतं. मास्तरांनी वर्गातल्या सगळ्यांचीच एक जून लावली. माझ्या स्वतःच्या वडिलांचीही एक जूनच. मावसकाकांचीही. दर वर्षी मी तुमच्याकडे केक आणायची आणि तुम्ही सुरी हातात घेऊन म्हणायचात, "चला, मास्तरचा वाढदिवस करू." मागं तुमच्या जुन्या दाखल्यावर आणि पासपोर्टवर दोन वेगळी सालं निघाली तेव्हा तुमच्यासाठी ॲफिडेव्हिट मीच तर करून दिलं होतं.

त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला माझ्या निकालाचा चौदावा परिच्छेद आठवला. अपील करणाऱ्यानं दोन ठिकाणी दोन जन्मतारखा दिल्या आहेत. आपला जन्म कधी झाला याबद्दल जो सुसंगत सांगू शकत नाही त्याच्या उरलेल्या हकिगतीवर मला विश्वास ठेवता येत नाही. मी लिहिलं होतं ते, भाऊ. मी! एक जूनचा केक आणणारीनं. होडीतल्या बाईचं प्रकरण जिला पाठ आहे तिनं.

रजिस्ट्रारबाईंनी की-बोर्डवरून हात उचलला, सुजाताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, असे पुष्कळजण येतात इथं, काळजी करू नकोस, पासपोर्टवर आहे तीच लिहूया. बस्स. त्यांनी एका क्षणात ओळखलं. तुम्ही त्या सोमवारी गेला नसतात तर मंगळवारी सकाळी ट्रेनमध्ये बसून मी तो निकाल पाठवून दिला असता आणि शनिवारी तुमच्याकडे येऊन भरली वांगी खाल्ली असती. तुमच्या जाण्यानं एक माणूस वाचला असं म्हणायचीही मला भीती वाटते. मग आधीच्या दोन वर्षांत, तुम्ही धडधाकट असताना, मी असे किती निकाल पाठवले? त्यातले किती मराठीत वाचले नव्हते? ते आता माझ्या हातात नाहीत. ती माणसं कुठं आहेत मला माहीत नाही. रस्त्यानं जाताना कुणी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं तरी छातीत धस्स होतं.

शनिवारी तुमच्या घरी गेले. सुजातानं किल्ली दिली होती, पुस्तकाचे कागद आवरायला. तुमची खुर्ची तशीच, कॅलेंडर तसंच. फ्रीजमध्ये तो डबा होता, वर चिठ्ठी चिकटवलेली, माझं नाव. सुजाताची टाकून द्यायची हिंमत झाली नव्हती. मीही परत आत ठेवला.

शेवटच्या प्रकरणाची फाइल उघडली. मला वाटलं होतं, त्यात तुम्ही त्या जज्जाला सोलून काढलं असेल. सात वेळा लिहिलंय तुम्ही ते. सातव्यात तुम्ही त्या दिवसाचं कोर्टाचं रजिस्टर शोधून काढलंय. सकाळपासून आगबोटींच्या टकरीची केस, एकामागून एक साक्षीदार, बोटीच्या इंजिनाबद्दल तासन् तास. त्या बाईचं प्रकरण सगळ्यात शेवटी. बाहेर घोडा तयार होता, पुढच्या गावी पोचायचं होतं. तो दुष्ट नव्हता, असं तुम्ही लिहिलंय. तो दमला होता, भुकेला होता, आणि जुळत नसलेली एक गोष्ट त्याला आयती सापडली. समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात: 'याले माफ करू का?' पुढं प्रश्नचिन्ह, आणि ते दोनदा गिरवलेलं. उत्तर नाही.

वीस वर्षं तुम्ही माझ्याशी भांडत होतात आणि हा प्रश्न मला कधी दाखवला नाहीत. मीही तुम्हाला कधी सांगितलं नाही की तुमचा तो माणूस मला मनातून आवडायचा, घाबरट होता तोवर.

मग मी तुमच्या समोरच्या माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसले, लॅपटॉप उघडला आणि निकाल मराठीत मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली. तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून. तेराव्या परिच्छेदापर्यंत कशीबशी गेले. चौदाव्याला तोंड उघडलं: "तुम्हाला तुमची जन्मतारीखसुद्धा धड सांगता येत नाही..." पुढचं निघेना. मी म्हणत होते कुणाला? भुईमुगाच्या दिवसांत जन्मलेल्या माणसाला. माझ्या बापाला.

चौदावा परिच्छेद काढून टाकला. आणि बाकीचे पुन्हा वाचले तर ते उभेच राहीनात. सगळा निकाल त्या एका गोष्टीला टेकून ठेवला होता मी. ती गेल्यावर त्या माणसावर अविश्वास ठेवायला माझ्याकडे काही उरलं नाही. मी पुराव्याचा गठ्ठा पहिल्या पानापासून काढला. दुपारभर वाचला, रविवारी पुन्हा वाचला. अपील मंजूर केलं.

तुम्हाला वाटत असेल, आता हिला हलकं वाटलं असेल. अजिबात नाही हो. आता वेगळीच भीती: तुमच्यासाठी रडता रडता मी त्याला झुकतं माप तर दिलं नाही ना? म्हणून रविवारी संध्याकाळी पुन्हा एकदा बसून, तुम्हाला बाजूला ठेवून, फक्त त्याचे कागद घेऊन पाहिलं. निकाल तोच आला. तरीही आज सकाळी पाठवायच्या बटणावर बोट ठेवलं तेव्हा न्याहारी घशाखाली उतरली नव्हती आणि हात असा कापत होता की माऊस दोनदा भलतीकडेच गेला. दहाला पाच कमी असताना पाठवला.

तुमचं पुस्तक मी पुरं करीन. त्या पेन्सिलीच्या प्रश्नाखाली मी काही लिहिणार नाही, तो तसाच छापू. डबा आज सकाळी घरी आणला. वांगी टाकून द्यावी लागली. डबा घासून ओट्यावर पालथा घातलाय.

चहा केला. एकच कप. आणि शनिवार नसूनही तुमचा प्रश्न कानात आला, या हप्त्यात घाबरली का?

हो भाऊ. घाबरले.